खीर नसलेलं पान

ओट्यावर केळीच्या पानाचे दोन तुकडे शेजारी शेजारी होते आणि लांबून दोन्हींवर वाढलेलं सारखंच दिसत होतं. झालं ते एवढंच. कोणी पडलं नाही, काही फुटलं नाही. ह्यांच्या म्हाळाचा दिवस. सकाळपासून मी स्टुलावर बसून सुनेला सांगत होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं पातळ झालंय, वड्याचं पीठ मळलंस की भिंतीला लावायचा चुना कालवलास, आणि रुचिरा नेहमीसारखी ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती. मग तिने दोन पानं वाढली. एक ह्यांची वाडी, गच्चीवर कावळ्याला ठेवायची. दुसरं माझं. वाडीला कोणी पोटभर वाढत नाही, गेलेल्या माणसाला नावापुरतं लागतं. अर्धा वडा, चमचाभर भात, बोटाच्या पेराएवढी भाजी. आणि माझं पोट कापून केळ्याएवढं ठेवलं त्याला अकरा महिने झाले होते, मलाही तेवढंच लागतं. अर्धा वडा, चमचाभर भात, बोटाच्या पेराएवढी भाजी. मी त्या पानांकडे बघत राहिले. ह्या घरात आज दोन पितर जेवणार होते. एक वर गच्चीवर आणि एक इथे, स्टुलावर.

मी काही लहानसहान बाई नव्हते. एकशे चौदा किलो. रिक्षावाला मला बघून आधी टायरकडे बघायचा आणि मग मीटर टाकायचा. मी दारातून आत आले की खोली भरायची, भांडणं आपोआप खालच्या आवाजात यायची. शाळा म्हणाल तर चौथी, तीसुद्धा गावची, अर्धा वेळ बाईंच्या घरचं पाणी भरण्यात गेलेली. पण गिरणी बंद पडली, हे घरी बसले, तेव्हा भांडुपच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी बावीस डबे करायचे. बावीस माणसं दुपारी माझ्या हातचं खायची आणि एकही माणूस मला नको म्हणू शकला नाही. मी वाढायला उभी राहिले की ताटावर हात आडवा धरायची कोणाची हिंमत नव्हती. डबे भरून झाले की पातेल्यात राहिलेलं मी खायचे, उभ्याने, कढईला टेकून. टाकायचं कसं? असं करत करत मी मोठी झाले. लोक हसत असतील, पण पाठीमागे. तोंडावर एकदाच हसले, आणि त्याचं काय झालं ते मी पुढे सांगते, आत्ता मनात यायला नको होतं पण आलं.

मुलुंडच्या दवाखान्यात डॉक्टरने कागदावर पोट काढून दाखवलं होतं. एवढी पिशवी, त्यातलं एवढं काढणार, एवढं ठेवणार. साखर उतरेल, गुडघे सुटतील. मी विचारलं, काढलेलं कुठे टाकता? तो थांबला, म्हणाला, मावशी, त्याची व्यवस्था असते. व्यवस्था. म्हणजे माझ्या देहाचा तुकडा माझ्याआधी पुढे गेला होता. मी इकडे भूल उतरून कण्हत होते आणि तो तिकडे पोचून बसला होता, जिथे हे बारा वर्षांपूर्वी गेले. मला तेव्हा भीती नाही वाटली. नवल वाटलं. असं कधी कोणाचं होतं का, की माणूस दोन्हीकडे आहे? मग किलो जायला लागले. सात, बारा, एकोणीस. एक दिवस अंघोळ करताना गळ्याखाली हाताला काहीतरी लागलं, आडवं, टणक, दोन्ही बाजूंना. मी गाठ समजून ओरडले. रुचिरा धावत आली, तिने बोट फिरवलं आणि हसू दाबत म्हणाली, आई, हाड आहे. सगळ्यांना असतं. मी दार लावून घेतलं आणि किती वेळ त्या हाडावरून हात फिरवत बसले. साठ वर्षं माझ्या आत हे बसून होतं, मला न सांगता. पाणी त्याच्यावरून वाहताना त्याच्या मागे खळग्यात थोडं थांबायचं. माझ्या अंगावर पाणी साठायला जागा आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पण मग किलो थांबले. आठव्या महिन्यात थांबले, दहाव्यात दोन परत आले, आणि डॉक्टरचा चेहरा पहिल्यांदा मास्तरासारखा झाला. हलला नाहीत तर सगळं परत येईल म्हणाला, साखरसुद्धा, आणि दुसऱ्यांदा कापायला मी सांगणार नाही. चालले की गुडघे पेटायचे. तर म्हणे सायकल चालवा, सायकलवर गुडघ्याला भार येत नाही. रुचिराने त्याच आठवड्यात सायकल आणली, बायकांची, निळी, पुढे टोपली. ती पॅसेजमध्ये उभी राहिली. मी तिच्यावर टॉवेल वाळत घातले. मुलगा, सुयोग, रोज जाता जाता घंटी वाजवायचा आणि मी म्हणायचे, साठीच्या बाईने सायकलवर बसून भांडुपच्या लोकांना काय सर्कस दाखवायची? तो म्हणायचा, आई, कोण बघतंय. कोण बघतंय ते मला माहीत होतं. घरात सायकल आणून उभी केली तेव्हापासून मी भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे नीट बघितलं नव्हतं.

लग्नानंतरची गोष्ट. ह्यांनी गिरणीतल्या दोस्ताकडून सायकल घेतली होती, काळी, उंच. हे, श्यामसुंदर, म्हणजे काडीसारखा माणूस, पण सायकलवर बसला की काडी पेटल्यासारखा. एका रविवारी म्हणाले, चल, डबलसीट. मी कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसले, नवी साडी, खांदा त्यांच्या पाठीला टेकलेला. तेव्हासुद्धा मी अंगाने भरलेली होतेच. स्टेशनकडच्या चढावर सायकल अडली. कोपऱ्यावर त्यांचे चार दोस्त उभे होते, त्यातला एक ओरडला, श्याम, गोण कुठे पोचवायला चाललास रे? आणि हे हसले. मोठ्याने नाही. तोंडही मला दिसलं नाही. फक्त त्यांची पाठ हलली, ती माझ्या खांद्याला कळली. बस, तेवढंच. मी उतरले, चालत घरी आले, आणि संध्याकाळी सांगितलं, ह्या घरात एक तर ती राहील नाहीतर मी. त्यांनी सायकल जिन्याखाली ठेवली. तिथे ती गंजली आणि एक दिवस भंगारवाला घेऊन गेला. गिरणी गेल्यावर त्यांना मुलुंडला रखवालदाराची नोकरी मिळाली. भांडुप ते मुलुंड हे चालत जायचे. जाताना तास, येताना तास, सतरा वर्षं. चप्पल बाहेरच्या बाजूने झिजायची. मी बावीस डब्यांवर हुकूम चालवत होते, मला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही की घ्या बाबा परत एक सायकल. त्यांनीही कधी विषय काढला नाही. न काढलेला विषय घरात किती जागा घेतो, ते मला तेव्हा कळलं नाही, कारण जागा सगळी मीच घेतली होती.

तर ती दोन पानं. रुचिरा म्हणाली, आई, तुमची वेळ झाली, तुम्ही जेवून घ्या. मी म्हटलं, कावळा शिवायच्या आधी ह्या घरात कोणी तोंडात घास घातलेला नाही. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, दर तीन तासांनी, आणि सकाळपासून तुम्ही बोलण्यापलीकडे काही खाल्लेलं नाही. जीभ आहे तिला, माझ्या घरात येऊन तयार झालेली. तेवढ्यात बेल वाजली, घाटकोपरहून माझी नणंद कुंदा आली, रुचिरा दाराकडे गेली, सुयोगने ओट्यावरचं पान उचललं आणि लिफ्टने वर गेला. राहिलेलं पान मी मांडीवर घेतलं. बघते तर त्याच्यावर खीर. अकरा महिन्यांत मला कोणी गोडाचा थेंब दिला नव्हता. मला वाटलं, पोरीला दया आली, आज सणासारखा दिवस म्हणून चमचाभर घातली. विचारलं असतं तर काढून घेतली असती. म्हणून मी काही विचारलं नाही, कावळ्याचा नियमही सोडला आणि आधी खीरच खाल्ली. नारळाचा रस, गूळ, जायफळ. जिभेवर अशी पसरली की डोळे मिटले. आणि मग पाव तासात छाती धडधडायला लागली, कपाळावर घाम, हात गार, खोली तिरकी. गोड खाल्लं की असं होईल हे दवाखान्यात सांगितलेलं होतंच. मी भिंत धरून बसले आणि त्या धडधडीत एक गोष्ट लख्ख कळली. रुचिरा मला खीर वाढणार नाही. मेली तरी नाही. माझ्या पानात खिरीच्या जागी पनीरचे दोन तुकडे असतात, ताकदीसाठी. मी खाल्लं ते पान माझं नव्हतं.

मेलेल्या माणसाची वाडी मी खाल्ली होती. हे वाक्य मनात आलं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. वरून सुयोगचा फोन, आई, कावळा शिवत नाही. मी कुंदाला घेऊन लिफ्टने गच्चीवर गेले. कठड्यावर इमारतीतल्या चार-पाच घरांची पानं होती, सगळी चिवडलेली, आमचं एकटं तसंच. टाकीवर कावळे ओळीने बसलेले, पोट भरलेल्या पाहुण्यांसारखे. मी जवळ गेले. खीर नव्हती. पनीरचे दोन तुकडे होते, चौकोनी, सुकत आलेले. सुयोग हात जोडून एकेक कबूल करत होता, बाबा, आईला सांभाळीन, गावच्या घराचे वासे बदलीन, पुढच्या वर्षी सगळे गावी येऊ. कुंदाने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "दादाची कायतरी इच्छा ऱ्हवली, वयनी." मला बोलता आलं असतं. पानं बदलली म्हटलं असतं तर कुंदाने रुचिराला जन्मभर सोडलं नसतं, घाटकोपरपर्यंत बोभाटा केला असता. आणि दुसरं कारण मी स्वतःलाच हळू आवाजात सांगते. मला ते पान बदलायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवले, ते उठल्यावर, त्यांनी ठेवलेलं. आज पहिल्यांदा माझ्यासाठी वाढलेलं पान त्यांच्यापुढे होतं आणि त्यांचं माझ्या पोटात, केळ्याएवढ्या पोटात, धडधडत होतं. ऊन डोक्यावर आलेलं. घाम मानेवरून त्या हाडाच्या खळग्यात जमत होता. मी कठड्याला हात टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सायकल शिकेन मी."

सुयोग माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं उन्हाने डोकं फिरलं. टाकीवरचा एक कावळा खाली आला, कठड्यावर चार पावलं चालला, मान वाकडी करून मला बघितलं, आणि पनीरचा तुकडा उचलून उडाला. हे म्हणजे आयुष्यात पनीर न खाल्लेला माणूस. कुंदा रडायला लागली. माझ्या अंगावर काटा आला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. कावळा म्हणजे कावळा, एवढी मला अक्कल आहे. भूक लागली असेल, पांढरं दिसलं असेल. तरी त्या रात्री मी पॅसेजमधले टॉवेल काढून घडी करून ठेवले.

हायवेच्या पलीकडे पाणी उपसायच्या केंद्राकडे जाणारा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खाडीतली तिवरांची झाडं आणि पुढे मिठागरं. गाड्या कमी. रुचिरा बँकेत, तिला सुट्टी रविवारची, म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही दोघी सायकल हातात धरून तिथे. तिने मला पंजाबी ड्रेस घातला. आरशात मी एक बाई बघितली, तिच्या अंगावरची कातडी ओढलेल्या गादीच्या खोळीसारखी लोंबत होती, पण ती बाई उभी होती, दोन पाय वेगवेगळे दिसत होते. माझे पाय मला कधी वेगवेगळे दिसले नव्हते. पहिल्या दिवशी मी सीटवर बसले आणि जमीन दोन इंच खाली गेली. रुचिराने मागून कॅरिअर धरला. मी तिला सांगितलं, सिनेमातल्यासारखं गुपचूप सोडशील तर याद राख, मला कळल्याशिवाय हात काढायचा नाही. ती म्हणाली, सांगून सोडेन. सकाळी फिरायला येणारे लोक बघायचे. एक म्हातारा दर वेळी म्हणायचा, छान, छान, आणि मी त्याला म्हणायचे, बायकोला आणा, तिलाही म्हणा. चार वेळा पडले. एकदा तिवरांच्या चिखलात, कोपरापर्यंत काळी. गुडघा सोलवटला आणि रक्त आलं, पातळ, लाल, कोणाही मुलीचं येतं तसं. मी ते बघत बसले. रुचिराने रुमाल बांधला. तिचा हात माझ्या गुडघ्याखाली मावत होता, पूर्ण वळसा घालून. तिच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. माझ्या आलं.

रविवार जात राहिले. वजन परत उतरायला लागलं होतं, काट्यावरून नाही सांगत, बांगड्यांवरून सांगते, हात वर केला की त्या कोपरापर्यंत येत. पण सायकल येत नव्हती. पायडल मारताना सगळं ठीक, पण मागे रुचिराचा हात आहे हे माझ्या पाठीला कळायचं आणि पाठ त्या हातावर टेकायची. ती धापा टाकत धावायची. मी तिला म्हणायचे, लग्नात एवढी धावली असतीस तर मुहूर्त चुकला नसता. तीही आता उलट बोलायची, म्हणायची, मुहूर्त तुमच्या वऱ्हाडामुळे चुकला, वडे तळून येत होतात. कुठल्या सासूने हे ऐकून घेतलं असतं? मला हसायला यायचं. मग थंडी पडली. मिठागरांच्या पाण्यावर धूर बसल्यासारखा. त्या रविवारी आम्ही थांबलो होतो, मी डब्यातली चार चमचे मुगाची उसळ खात होते, वेळेवर, आणि रुचिरा सायकलच्या चेनकडे बघत म्हणाली, "आई, म्हाळाला पानं बदलली होती. मला कळलं होतं."

मी चमचा डब्यात ठेवला. विचारलं, कधी? म्हणाली, तुम्ही घाम पुसत लिफ्टकडे गेलात तेव्हाच. तुम्ही ठेवून गेलेल्या पानाला गूळ चिकटला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

मी तिच्याकडे बघितलं. आठ वर्षं माझ्या घरात आहे, मी तिची भाकरी, तिची भाषा, तिची ओढणी, कशालाही सोडलं नाही, आणि ही पोर तीन महिने माझं गुपित खिशात घालून माझ्या मागे धावत होती. मेलेल्या माणसाची वाडी खाल्लेली सासू. तिने तोंड उघडलं असतं तर घरात तिचं पारडं वर गेलं असतं, मला नीट माहीत आहे, मी तेच केलं असतं. मी डबा बंद केला. तिने तो पाण्याच्या बाटलीबरोबर पिशवीत घातला आणि पिशवी कॅरिअरला बांधली. मी सीटवर बसले. तिने सीटच्या मागे हात धरला, मी पायडल मारलं, एक, दोन, दहा, तिची पावलं माझ्यामागे, तिचा श्वास.

"आई, सोडते."

मी विचार केला नाही. मी म्हटलं, "सोड."

पावलं मागे राहिली. मग ऐकू येईनाशी झाली. मी पडले नाही. हे मी अजून स्वतःला सांगते, की मी पडले नाही. खाली दोन चाकं, बांगडीसारखी बारीक, त्यांच्यावर माझी हाडं, माझी कातडी, माझं केळ्याएवढं पोट, आणि ते सगळं उभं होतं, कोणी धरलेलं नसताना. तिवरांचं पान हलत नव्हतं. वारा नव्हता. आणि तरी माझ्या तोंडावर वारा होता, कानांत, गळ्याच्या त्या खळग्यात, बाहीतून आत. मी पाय थांबवला की तो कमी व्हायचा, मारला की यायचा. मी करत होते तो वारा. जन्मभर मला वारा पंख्याने दिला नाहीतर खिडकीने. माणसाच्या स्वतःच्या चालण्याने असा वारा निघतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारा जो होता त्याच्याकडून मी तो काढून घेतला होता. भांडुप ते मुलुंड, सतरा वर्षं, वाऱ्याशिवाय. माझे डोळे भरले, थंडीनेही असतील. समोर मिठागरांचं पाणी पांढरं, त्याच्यावर लांब पायांचे पक्षी एका पायावर उभे, मी जवळ गेले तरी उडाले नाहीत. त्यांना मी गोण वाटले नाही.

पुढे रस्ता खराब होता, खडी वर आलेली. सायकल थरथरायला लागली आणि मागे पिशवीतला डबा हलायला लागला, बारीक, न थांबता, माझ्या पाठीला कळेल एवढा. मी ती हालचाल ओळखली. एवढ्या वर्षांनीही ओळखली, चढावरच्या त्या पाठीची. मान वळवली नाही, वळवली असती तर पडले असते.

"हसा," मी म्हटलं, "पण घट्ट धरून बसा."